वेळ कोण खातंय

उपांत्य सामना संपला तेव्हा आपण जिंकलो की हरलो, हे वहिनीला धाकट्याच्या तोंडाकडे बघून ठरवावं लागलं. तो दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून वाकला होता, शर्ट पाठीला चिकटला होता आणि तो हसत होता. म्हणजे जिंकलो असणार.

"एका गुणाने, वहिनी," तो धापा टाकत म्हणाला. "अगदी थोडक्यात निभावलं."

"बरं झालं," वहिनी म्हणाली आणि धनुष्य स्टँडवर टेकवून पाणी प्यायली. तहान लागली होती की नाही कोण जाणे. बाटली समोर होती.

ती खरं तर एकट्या धाकट्याची वहिनी. पण दिवसभर त्याच्या तोंडात "वहिनी, वहिनी" असायचं, त्यामुळे सगळ्या चमूने तेच उचललं. धनुष्यं दुरुस्त करणारा मिस्त्री तिच्याहून वयाने मोठा, तोही तिला वहिनी म्हणे. दिराला घरात धाकटा म्हणत, इतक्या देशांच्या खेळाडूंच्या गर्दीत येऊनही तो धाकटाच राहिला. आणि थोरला म्हणजे तिचा नवरा. तो आता नव्हता.

कंपाउंड धनुष्याचा मिश्र सांघिक खेळ सांगायला सोपा. एक बाई, एक पुरुष, पन्नास मीटरवर दोघांत एक टार्गेट. एका फेरीत प्रत्येकी दोन बाण, आळीपाळीने. चार बाणांना मिळून ऐंशी सेकंद, अशा चार फेऱ्या. घड्याळ दोघांचं एकच. थोरला नवख्या जोड्यांना शिकवताना म्हणायचा, "हा संसार आहे, पोरांनो. एकाने हात सैल सोडला की दुसऱ्याने पोटाला चिमटा घ्यायचा." आणि मग वहिनीकडे बघून डोळा मारायचा. वर्षानुवर्षं तो आणि वहिनी जोडीने खेळले. मग एका सकाळी ती त्याला उठवायला गेली. तिने तीनचार हाका मारल्या, चादर ओढली, "आता मी चहा ओतून टाकीन हं" अशी धमकीही दिली. तो उठला नाही.

त्यानंतर वहिनीने सगळं रीतसर केलं. आल्यागेल्यांना पाणी दिलं, सासूबाईंची औषधं वेळेवर दिली, कागदांवर सह्या केल्या, ठरलेल्या दिवशी कामावर गेली. डोळ्यांत पाणी आलं नाही. बायका दबक्या आवाजात म्हणाल्या, धक्का बसलाय, पुढे येईल. पुढेही आलं नाही. हिवाळ्यात आंघोळीच्या पाण्यात हात घालावा आणि ते गरम आहे की गार हे क्षणभर कळू नये, तसं तिचं झालं होतं, फक्त तो क्षण संपत नव्हता. नेम मात्र सुधारला. निवड चाचण्यांत ती सगळ्या बायकांत पहिली आली. "हिचे हात दगडाचे आहेत," निवड करणारे कौतुकाने म्हणाले. थोरल्याच्या जागी धाकटा उभा राहिला, आणि जोडी पुन्हा जुळली असं सगळ्यांना वाटलं.

वहिनीची नोकरी इस्पितळात, एक्स-रे काढायची. दिवसभर एकच पाठ, "श्वास घ्या. रोखून धरा. सोडा." मध्यंतरी एक जाडजूड ठेकेदार छातीचा फोटो काढायला आला होता. वहिनीने त्याला श्वास रोखायला लावला, बटण दाबलं, फोटो निघाला, आणि ती शिशाच्या काचेमागे तशीच उभी राहिली. ठेकेदार बिचारा आज्ञाधारक. गाल फुगले, कान लाल झाले, शेवटी फुस्सकन हवा सोडून तो ओरडला, "बाई, सोडू का, की इथूनच वर जाऊ?" बाहेरच्या बाकावरची माणसं पोट धरधरून हसली. सगळे हसतात म्हणून वहिनीही हसली. विसरलं असेल, कामाच्या रगाड्यात होतं, असं म्हणून तिने तो विषय सोडून दिला.

उपांत्य सामन्यानंतर ती सामानाच्या तंबूत बाणांची टोकं पुसत बसली होती. तंबूचे कापडी पडदे घालून खोल्या केल्या होत्या. पलीकडे कुणी सुस्कारा टाकला तरी अलीकडे ऐकू येई. पलीकडे कोच बाई होत्या. त्यांची नेमणूक या दौऱ्यापुरती. सामन्यात डोळा दुर्बिणीला लावून टार्गेट बघायचं आणि वारा सांगायचा हे त्यांचं काम. मागे रेषेवर कोण काय करतंय हे त्यांना दिसत नसे, भोंगा तेवढा ऐकू येई.

"शेवटचा बाण सुटला तेव्हा दोन सेकंद उरले होते," त्या म्हणत होत्या. "दोन! भोंग्यानंतर बाण गेला तर फेरीतला सगळ्यात चांगला बाण कापतात, माहीत आहे ना? सगळं मुसळ केरात. वेळ कोण खातंय?"

"मी," धाकट्याचा आवाज आला.

"तू?"

"माझाच हात लवकर बसत नाही, बाई. वारा असला की चाचरतो जरा."

"मग हे आधी का नाही बोललास?"

"सुधारेल वाटलं."

पलीकडे कोच बाईंनी कागद उलटला. मग म्हणाल्या, "फायनलला मी आपल्या दुसऱ्या गड्याला, दाढीवाल्याला उभा करते. त्याचा हात तुझ्यापेक्षा उजवा नाही, पण तो रेंगाळत नाही. दुपारच्या आत नावं द्यायचीत. वाईट वाटून घेऊ नकोस."

"नाही हो, बाई. वाईट कसलं."

वहिनीच्या हातातला बाण तसाच राहिला. धाकटा आणि चाचरणं? त्या दोघा भावांचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान. गिऱ्हाईक किल्ली हरवल्याचं रामायण सांगून संपवेपर्यंत धाकटा कुलूप उघडून मोकळा व्हायचा, आणि वर म्हणायचा, "आता पुढचं कांड उद्या." चाळणीतून पाणी गळतं तसे त्याच्या हातून बाण सुटायचे. एक्स-रेची फिल्म उलटी लावली की काळीज भलत्या बाजूला दिसतं. कसली गडबड आहे हे सांगायच्या आधीच नजरेला खटकतं. तसं तिला खटकलं. तिला राग आला नाही, दुःखही झालं नाही. खटकलं तेवढं.

ती उठली आणि चिमणीला शोधत गेली. चिमणी म्हणजे चमूतली दुसरी बाई. अंगाने एवढीशी, पण धनुष्य उचललं की बाण सुटेपर्यंत बघणाऱ्याची पापणी लवत नसे. बर्फाच्या पेटीवर बसून ती पाय हलवत होती.

"मी किती वेळ घेते गं?" वहिनीने विचारलं.

चिमणीचे पाय थांबले. "कशाला?"

"बाण सोडायला."

"अहो वहिनी, मला कशाला विचारता? मी काही बोलले तर लोक म्हणतील, हिचा जागेवर डोळा आहे."

"मी म्हणत नाही. दाखव."

चिमणीने इकडेतिकडे बघितलं, पिशवीतून टॅब काढला आणि उपांत्य सामन्याचं चित्रण लावून दिलं. वहिनीने स्वतःला बघितलं. पडद्यावरची बाई रेषेवर आली, तिने बाण लावला, दोरी ओढली आणि उभी राहिली. आणि उभीच राहिली. कोपऱ्यातले आकडे उतरत गेले. वहिनीला वाटलं, चित्र अडकलं. पण मागे झेंडा फडफडत होता.

कंपाउंड धनुष्याची एक गंमत आहे. दोरी ओढायला लागलं की आधी खांदे भरून येतात. मग टोकाची चाकं कूस बदलतात आणि सगळा भार एकदम उतरतो, चढण संपून पठार लागावं तसा. तिथे माणसाला उभं राहता येतं. दोरीतल्या भोकातून भिंग दिसतं, भिंगात पिवळा ठिपका. बाकी काही नसतं. तिथे हाक मारणारं कुणी नसतं आणि ज्याला हाक मारायची असंही कुणी नसतं. आपण तिथे क्षणभर थांबतो आणि परत येतो, अशी वहिनीची समजूत होती.

तिच्या पाठीमागे, जोडीदाराने थांबायच्या एक मीटरवरच्या रेषेआड, धाकटा दिसत होता. तो घड्याळाकडे बघत नव्हता. खाली मान घालून बुटाच्या टोकाने माती सारखी करत होता. तिचा बाण सुटून ती मागे आली की तो पळत पुढे जाई, ओढी, सोडी. त्याला ओढणं आणि सोडणं यांच्यामध्ये काहीच उरलेलं नव्हतं.

"घरी तो गजर लावून सराव करतो," चिमणी हळूच म्हणाली. "गजर व्हायच्या आत बाण गेला पाहिजे, असा. मला म्हणाला, वहिनींना बोललीस तर तुझ्या घराच्या सगळ्या किल्ल्या बदलीन."

वहिनीने टॅब परत दिला. थोरला असता तर ओरडला असता, "अगं ए, मुक्काम करतेस का तिथे?" धाकटा ओरडला नव्हता. आता त्याला फायनलमधून काढणार होते आणि तो "वाईट कसलं" म्हणून बाहेर आला होता. आपण गप्प बसलो तर फायनल आपल्याला मिळते, त्याला मिळत नाही. हिशेब इतका सरळ होता की त्यात काही वाटण्याची गरज नव्हती. वहिनीला ते सोयीचंच झालं.

कोच बाई नावांचा कागद घेऊन निघाल्याच होत्या. वहिनीने त्यांना वाटेत गाठलं.

"बाई, वेळ मी खाते."

"काय?"

"धाकटा खोटं बोलला. तो खात नाही. मी खाते, तो भरून काढतो."

कोच बाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. "बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"बरं-वाईट काही वाटतच नाही."

"कधीपासून?"

"हे गेल्यापासून."

कोच बाई व्यवहारी होत्या. त्यांनी सांत्वन केलं नाही. वहिनीला सरावाच्या मैदानावर नेलं, खिशातून घड्याळ काढलं आणि म्हणाल्या, "आता माहीत झालंय ना? मग मनाशी ठरवून लवकर सोडा. बघू."

वहिनीने ठरवलं. ओढलं, पिवळा दिसला, सोडलं. लगेच सोडलं, असं तिला वाटलं. तिने वळून बघितलं तर कोच बाईंनी घड्याळ तिच्यापुढे धरलं. मगाचच्या सामन्यापेक्षा जास्त वेळ झाला होता.

"पुन्हा."

पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा कोच बाई मध्येच टाळी वाजवणार होत्या. त्यांनी वाजवली म्हणे. वहिनीला ऐकू आली नाही.

"चिमणीला घ्या," वहिनी म्हणाली. "आणि धाकट्याला ठेवा."

"नक्की?"

"लिहा, बाई. वेळ जातोय."

कोच बाईंनी वहिनीच्याच खांद्यावर कागद धरला, नाव खोडलं आणि दुसरं लिहिलं. पेनचं टोक खांद्याला टोचत होतं, ते तिला कळत होतं.

धाकट्याला बातमी लागली तेव्हा तो तंबूच्या दोऱ्या ओलांडत तरातरा आला. त्याने आजवर वहिनीपुढे आवाज चढवला नव्हता.

"तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

"तुम्हाला तरी कुणी विचारलं होतं, भावोजी? गेलात आणि सगळं आपल्या डोक्यावर घेऊन आलात."

"मी सांभाळत होतो ना?"

"किती दिवस सांभाळणार?"

"चार फेऱ्या राहिल्या होत्या हो! चार! पुढचं पुढे बघितलं असतं." तो येरझाऱ्या घालू लागला. "दादाने तुम्हाला घेऊन फायनल मारायची म्हणून जन्म काढला. आणि आज फायनल आली तर तुम्ही माझ्या गळ्यात चिमणी बांधता."

"तुम्हाला काढत होते."

"काढू दे की! तुम्ही तर असतात रेषेवर!" तो थांबला. मग आवाज खाली आला, आणि तो तिच्याकडे न बघता बोलायला लागला. "आणि खरं सांगू? मला काही त्रास नव्हता. तुम्ही ओढून उभ्या राहिलात की मी मागे उभा. तेवढाच वेळ मला कुणी काही विचारत नाही. दुकानात गिऱ्हाईक विचारतं, फोनवर मामा-मावश्या विचारतात. वहिनी कशी आहे, आई कशी आहे, दुकान कसं आहे. माझाही भाऊच गेला ना, वहिनी. तुमच्या मागे उभं राहिलं की बरं वाटायचं. चारचौघांत उभं राहून गप्प बसता यायचं."

यावर काहीतरी बोलायला हवं होतं. वहिनीने आत चाचपून बघितलं.

"भात्याचा पट्टा सैल झालाय तुमच्या," ती शेवटी म्हणाली.

धाकट्याने पट्टा आवळला आणि तो निघून गेला.

फायनल वहिनीने प्रेक्षकांत बसून बघितली. रेषेवर असताना तिने घड्याळाकडे कधी बघितलं नव्हतं. इथून ते मैदानात सगळ्यात मोठं दिसत होतं. भोंगा झाला. चिमणी पुढे आली, आणि आली म्हणेपर्यंत तिचा बाण दहात जाऊन बसला. ती मागे फिरली. धाकटा पळत पुढे गेला.

घड्याळावर ढीगभर वेळ होता. धाकट्याने ओढलं आणि सोडलं, नेहमीसारखं, मागे कुत्रं लागल्यासारखं. आठ. कंपाउंडच्या फायनलमध्ये आठ म्हणजे भरल्या ताटात खडा. मैदानावर "अरेरे" असा आवाज उठला. धाकट्याने घड्याळाकडे बघितलं, मग हातातल्या धनुष्याकडे. एवढ्या वेळाचं करायचं काय, हे त्याला कळत नव्हतं. अडीअडचणीत सोडायला शिकलेला हात सुबत्तेत चुकला होता, आणि तो तसा शिकला होता वहिनीपायी.

वहिनीने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

मग त्याने स्वतःला आवरलं. दुसऱ्या बाणाला जरा थांबला, तिसऱ्याला आणखी जरा. पुढचे सगळे दहा. चिमणीने एक नऊ मारला. समोरच्या जोडीचा तोल शेवटपर्यंत सुटला नाही. शेवटी पंचांनी भिंग घेऊन एक बाण बघितला, मान हलवली आणि आकडे लागले. एका गुणाने हरले. रौप्य. शेजारचा अनोळखी माणूस वहिनीला म्हणाला, "त्या पहिल्या आठाने घात केला. नाहीतर सोनं होतं."

"हो," वहिनी म्हणाली. "त्याची सवय मी बिघडवली." माणसाने चमकून तिच्याकडे बघितलं आणि तो थोडा सरकून बसला.

निवासाकडे जाणाऱ्या बसमध्ये चिमणी पुढच्या बाकावर पदक छातीशी धरून झोपली होती. धाकटा मागे एकटाच खिडकीला डोकं लावून बसला होता. पदक त्याने पँटच्या खिशात कोंबलं होतं, फीत बाहेर लोंबत होती. वहिनी त्याच्या शेजारी जाऊन बसली. त्याने जागा करून दिली.

"मी असते तर भोंगा झाला असता," ती म्हणाली.

"कदाचित."

"कदाचित नाही. बाईंनी टाळी वाजवली, मला ऐकू आली नाही."

धाकट्याने मान वळवून तिच्याकडे बघितलं. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"घरी गेल्यावर मी डॉक्टरांना दाखवते," वहिनी म्हणाली. "इस्पितळातच आहेत, एक मजला वर. रोज त्यांच्या दारावरून जाते."

"मी येतो बरोबर."

"दुकान?"

"दुकानाला कुलूप लावता येतं, वहिनी. आपल्याकडे पुष्कळ आहेत."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. सासूबाई होत्या. सामना त्यांनी घरी टीव्हीवर बघितला होता.

"तू दिसली नाहीस," त्या म्हणाल्या.

"मी नव्हते, आई. मीच नको म्हटलं. धनुष्य ओढलं की माझ्याकडून सुटत नाही. कळतच नाही मला."

"दाराशी दूध घ्यायला जातेस आणि तिथेच उभी राहतेस," सासूबाई म्हणाल्या. "मी बघते रोज. दूधवाला जाऊन बराच वेळ झालेला असतो."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू गं? म्हटलं, उभी आहे ना, राहू दे. पडली नाही हेच पुष्कळ." त्यांनी नाक ओढलं. "धाकट्याने आठ का मारला?"

"ती माझी चूक."

"असू दे. पदक मिळालं ना? जेवलीस का?"

वहिनीने आठवायचा प्रयत्न केला. सकाळची खोली आठवली, तंबू आठवला, खांद्यावरचं पेन आठवलं. ताट काही आठवेना. "हो" म्हणून मोकळं होणं सोपं होतं. इतके महिने ती तेच म्हणत आली होती. तिने फोन कानापासून दूर धरला.

"भावोजी," तिने विचारलं, "मी जेवले का?"

धाकटा सरळ बसला.

"नाही," तो म्हणाला. "सकाळपासून काही नाही. कालही अर्धंच टाकलंत."

"नाही म्हणतात, आई," वहिनीने फोनमध्ये सांगितलं.

"मग जेव. आणि त्याला म्हणावं, तुझ्याजवळ बस."

बस थांबली. धाकटा दोघांची धनुष्यं खांद्यांना अडकवून पुढे झाला. भोजनघराच्या दाराशी त्याने वळून बघितलं, वहिनी पायरीवर थांबली होती का ते. ती थांबली होती. तो परत दोन पावलं आला.

"चला," तो म्हणाला. "आणि ताट घेऊन उभ्या राहू नका. मागे रांग आहे."